शेवटच्या घरापासून

माझं माहेर आणि सासर एकाच शहरात. मधे फक्त पांझरा नदी. पाठवणीच्या वेळी आई रडायला लागली तेव्हा मावशी तिला म्हणाली होती, "अगं, मोठा पूल ओलांडला की लेक दिसेल तुला." तसंच झालं. गेली सव्वीस वर्षं मी आठवड्यातून दोनदा तरी तो पूल ओलांडते. पण एक गोष्ट लग्न होईपर्यंत माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. माहेरी, देवपुरात, कुणीही पुलाकडे निघालं की म्हणतं, "गावात जाऊन येतो." कापड घ्यायला गावात, सोनाराकडे गावात, रेल्वे पकडायची तरी गावात. आणि सासरी, गल्ली नंबर पाचमध्ये, मी पिशवी उचलली की सासूबाई विचारतात, "नदीपल्याड चालली का?"

देवपूर कधीचंच धुळे शहरात आहे. महानगरपालिका एक, पाणीही शेवटी त्याच तलावांतून आणि त्याच तापीतून येतं. तरी बोलण्यातलं हे 'गाव' आणि हे 'पल्याड' मिटत नाही. आधी मला ती नुसती जुनी सवय वाटायची. दोन्ही काठांवर संसार केल्यावर कळलं, या दोन शब्दांमागे वस्तीच्या दोन वेगळ्या रीती आहेत.

धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर का, असं बाहेरचे लोक विचारतात. हे शहर रेघा आखून वसवलं म्हणून. १८०३ मध्ये होळकरांच्या लुटीनं आणि त्या वर्षीच्या भयंकर दुष्काळानं धुळं पार ओस पडलं होतं. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरचे बाळाजी बळवंत यांनी माणसं परत आणून गाव वसवलं. मग १८१८ मध्ये इंग्रज आले आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जनं नव्या खानदेश जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळ्याची निवड केली. १८१९ च्या जानेवारीत कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळाली. लांबलांबून कारागीर आणले, २७,००० रुपये खर्च झाला. जो राहायला येईल त्याला घरासाठी जागा कायमची बिनभाड्यानं आणि बांधकामासाठी वर उचल. त्या वर्षी गावात घरं होती ४०१ आणि माणसं २,५०९. ब्रिग्जनं धुळ्याचं जे वर्णन केलं आहे ते मला फार आवडतं. भोवती बागायत, एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला नदी, आणि त्या दोहोंच्या मधे दाटून बसलेलं लहानसं गाव.

पाट आणि नदी. हे दोन शब्द लक्षात ठेवावेत, कारण माझ्या माहेरच्या कॉलनीची गोष्टही त्यांच्यातूनच निघते.

सासरचं घर त्या आखलेल्या भागातलं. भिंतीला भिंत लागून. शेजारच्या घरात कांदा परतला की आमच्याकडे वास येतो, आणि त्यांच्याकडे पाहुणे आले की आमच्याकडे चहाचं दूध आपोआप मागितलं जातं. इथं शेजार हा भिंतीतच आहे, तो वेगळा करावा लागत नाही. १९०१ च्या खानेसुमारीत धुळ्याची वस्ती २४,७२६ झाली होती, त्याच्या आदल्या वर्षी चाळीसगावहून रेल्वे आली होती. सरकी, कापूस, धान्य, कापड, वकिली, सगळं या काठाला. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी याच शहरात गेले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं उभं राहिलं. विनोबांनी १९३२ मध्ये दर रविवारी कैद्यांपुढं गीतेवर जी प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी जी उतरून घेतली, ती धुळ्याच्या तुरुंगातली. शहराचा अभिमान सांगायचा म्हटलं की बोट या काठाकडेच वळतं.

देवपुराचा अभिमान सांगायचा तर आधी एकवीरा देवी. पांझरेच्या काठावरचं हे ठाणं खानदेशातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत. चैत्रात यात्रा भरते, लेकरांची जाऊळं काढायला माणसं कुठून कुठून येतात. माझंही जाऊळ तिथंच काढलं. त्यानंतर जे काही आहे ते पाटी लावून दाखवता येणारं नाही. नदीच्या उत्तरेचे मळे आणि पडीत वावरं एकेक करून बिनशेती झाली, त्यांचे प्लॉट पडले, आणि त्या प्लॉटांवर खेड्यांतून आलेली नोकरदार माणसं राहायला आली. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, एसटीतले, लाइट बोर्डातले, कोर्टातले शिपाई. वाडीभोकर रोड, जीटीपी स्टॉप, दत्त मंदिर, नगावबारी, जिकडे बघाल तिकडे हेच. जयहिंद आणि शिवाजी विद्या प्रसारक संस्थेची कॉलेजं झाल्यावर शहादा, तळोदा, साक्री, शिरपूरकडची पोरं खोल्या करून राहू लागली. आमच्या मागच्या खोलीत तीस वर्षांत किती पोरं राहून गेली याची मोजदाद नाही. एक आज अक्कलकुव्याकडे शाळेत मुख्याध्यापक आहे, दिवाळीला आईला फोन करतो.

वीटभट्टी नावाचा भागही देवपुरातच आहे. आता तिथंही घरं आहेत, पण नावात भट्टी राहिली. आमच्या घराची वीट अशाच एका भट्टीवरून बैलगाडीनं आली होती. ज्यांनी ती थापली आणि भाजली, त्यांची घरं मात्र कुडाची आणि नदीच्या उतरणीला. पूर आला की पहिलं पाणी त्यांच्या चुलीत. कॉलन्यांच्या कौतुकात ही गोष्ट सांगायची राहून जाते, आणि ती राहून जाऊ नये असं मला फार वाटतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. मूळ गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. धुळे–पिंपळनेर गाडीवर असताना गावातून कुणाचं पत्र, कुणाचं औषध, कुणाच्या लेकीला पाठवलेली शेवयांची पिशवी, असं काही ना काही ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवलेलं असायचं. १९७७ मध्ये खात्यातल्या आणि शाळांतल्या बेचाळीस जणांनी मिळून एक वावर घेतलं. सोसायटी झाली, सातबारे फिरले, चुन्याच्या रेघा पडल्या. आमचं घर १९८० मध्ये झालं. कॉलनी उतारावर आहे. रस्ता खाली, आणि आत यावं तशी जमीन चढत जाते. आमचा प्लॉट रस्त्याकडून पहिला. सगळ्यांत वर, कडेला, शाळेतल्या एका शिपाईकाकांचं घर.

पहिली चार-पाच वर्षं कॉलनीत नळच नव्हता. मग पाइप आला. त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले. आणि मग सुरू झाला तो प्रकार, ज्यानं आम्हां सगळ्यांचं बालपण भरून गेलं आहे. पाणी रोज येत नसे. कधी चौथ्या दिवशी, उन्हाळ्यात कधी आठव्या दिवशी, आणि बहुतेकदा रात्री दोन-तीनला.

पाणी सोडणारा वॉलमन सायकलवर यायचा. त्याच्या खांद्याला इंग्रजी टी अक्षरासारखी कमरेएवढी लोखंडी चावी असायची. ती हँडलला घासून खणखण वाजायची, आणि झोपेतही आईला तो आवाज ऐकू यायचा. रस्त्याच्या कडेचं झाकण सरकवलं जाई, चावी आत जाई, आणि मग नळातून आधी नुसती हवा. फुस्स, फुस्स. मग तांबूस गढूळ धार, मग हळूहळू स्वच्छ. आई ओट्यावर येऊन एकच हाक मारायची, अहिराणीत, "पानी उनं व माय!" पुढच्या घरातून तीच हाक वर जाई, तिथून आणखी वर. एका मिनिटात अख्खी गल्ली जागी. दिवे, बादल्या, कळश्या, लहान पोरं हातात तांबे घेऊन. मी आणि माझा भाऊ अर्धवट झोपेत ओळीनं घागरी लावायचो.

आता त्या हंड्याबद्दल सांगते. धुळ्याहून उत्तरेला आग्रा रोडनं गेलं की सोनगीर लागतं. तिथली तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली. आईनं भिशीचे पैसे साठवून तिथून तांब्याचा हंडा आणला होता. अंगावर सगळीकडे मठारल्याचे बारीक ठोके, माशाच्या खवल्यांसारखे. उन्हात ठेवला की प्रत्येक ठोका वेगळा चमकायचा. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव कोरलेलं, त्यापुढं आप्पांचं, आणि खाली साल, १९८३. चिंच आणि मीठ लावून ती तो घासायची तेव्हा नावाचे ठिपके काळे राहायचे आणि बाकीचा तांबडालाल व्हायचा. अक्षरं मी शाळेत शिकायच्या आधी त्या हंड्यावर बोट फिरवून शिकले.

पाइप आला तरी पाणी सगळ्यांना पोचत नव्हतं. खालच्या घरांत धो धो, मधल्या घरांत करंगळीएवढी धार, आणि वर शिपाईकाकांकडे नुसती हवा. त्यातच मोटर आली. नळालाच मोटर जोडायची आणि पाणी ओढून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. कॉलनीतली पहिली मोटर आमच्या घरी लागली, हे मला सांगितलंच पाहिजे. आप्पांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ड्यूटीवरून रात्री अकराला येणारा माणूस, त्याला बायकोच्या कमरेची काळजी. पण आमची मोटर सुरू झाली की मधल्या घरांचीही धार तुटायची. मग त्यांनी मोटरी घेतल्या. वर्षभरात पंधरा मोटरी झाल्या आणि गल्लीतलं बोलणं कमी झालं. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका उंबऱ्यातूनच परत जाऊ लागल्या.

त्या उन्हाळ्यात आजोबा गावाहून आले. सगळं गाव त्यांना जिभाऊ म्हणायचं, म्हणून आम्हीही जिभाऊच म्हणायचो. गावात ते बरीच वर्षं बारेकरी होते. हा शब्द आता ऐकू येत नाही, म्हणून जरा सांगते.

पांझरेवर पूर्वापार दगडी बंधारे आहेत आणि त्यांतून निघालेल्या पाटांवर फडपद्धत चालत आलेली आहे, शेकडो वर्षांची. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एका वर्षी एकच पीक, सगळ्यांचं. या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात ज्वारी, पुढच्या वर्षी फिरून दुसरं. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असतो. यातली खरी शहाणपणाची गोष्ट पाऊस कमी झाला की कळते. पाणी पुरणार नाही असं दिसलं की एक अख्खा फड त्या वर्षापुरता कोरडा ठेवायचा. प्रत्येकाचा तुकडा त्यात असल्यानं नुकसान एकट्यादुकट्याचं होत नाही, साऱ्या गावाचं थोडं थोडं होतं. पाटाची देखभाल पाटकरी करतो, पिकाची राखण जागल्या करतो, सगळ्यांवर हवालदार, आणि वावराला पाणी देणारा तो बारेकरी. शेतकऱ्यानं स्वतः जाऊन पाट फोडायचा नाही. आपल्या हातानं आपल्याच वावराला पाणी द्यायला लागलं की माणसाचा हात जड होतो, असं जिभाऊ म्हणायचे. पुढं जगभर नाव झालेले विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा अगदी सुरुवातीच्या कामांत त्यांना याच पांझरेच्या पाटाचा सायफन बांधायला मिळाला होता. जिभाऊंना विश्वेश्वरय्या ठाऊक नव्हते. त्यांना पाणी ठाऊक होतं.

तर त्या रात्री पाणी आलं. आमची मोटर सुरू झाली. जिभाऊ ओट्यावर खाटेवर होते. वरून शिपाईकाकू डोक्यावर रिकामा हंडा घेऊन उतरत आल्या आणि आमच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. आईनं त्यांचा हंडा आमच्या पिंपातून भरून दिला. त्या तो घेऊन चढ चढायला लागल्या. पाणी हिंदकळून त्यांच्या पाठीवरून खाली येत होतं, रस्त्याच्या दिव्यात ते दिसत होतं. जिभाऊ उठले, आत गेले आणि मोटरीची पिन काढली. आप्पा म्हणाले, "जिभाऊ, टाकी अर्धीच झाली आहे." जिभाऊ काही न बोलता परत खाटेवर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आप्पांना घरोघर पाठवलं. सोसायटीच्या मोकळ्या जागेत तेव्हा मारुतीचं नुसतं चबुतऱ्याएवढं देऊळ होतं. त्याच्या ओट्यावर सगळे जमले. जिभाऊंना प्रमाण मराठी फारशी बोलता यायची नाही आणि समोर बसलेले मास्तर लोक. पण मास्तरही कुठल्या ना कुठल्या खेड्यातलेच. जिभाऊ म्हणाले, "फडमा कसं करतस? तसंच करानं. शेवटना घरपाईन सुरू करा."

शेवटच्या घरापासून सुरू करा. पाणी आलं की पहिला पाऊण तास खालच्या घरांनी नळ बंद ठेवायचे. आधी वरची दहा घरं, मग मधली, मग आम्ही. मोटर कुणीही लावायची नाही. आणि कमी पाणी आलं तर त्या दिवशी प्रत्येक घरानं चार घागरींवर थांबायचं, पहिलं घर असो की शेवटचं. वाद झाले. एक तात्या उठून गेले. पण त्यांच्या मळ्यावरचं पाणी कुठल्या बंधाऱ्याचं हे जिभाऊंना माहीत होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी तात्यांच्या घरी जाऊन चहा घेतला आणि बंधाऱ्याचीच गोष्ट काढली. तात्या आले. जिभाऊ त्या उन्हाळ्यात दोन महिने राहिले, रात्री खाटेवर बसून पाळी बघायचे. ते गावी गेल्यावर पाळी बघायला आई बसू लागली.

मला विचाराल तर आमची कॉलनी १९७७ मध्ये झाली नाही, त्या संध्याकाळी झाली. त्याआधी बेचाळीस प्लॉट होते.

मग बाकीचं सगळं त्यावर चढत गेलं. चैत्र-वैशाखात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवून, वाळवून, दळून, रात्री भल्या मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ घालून घाटायची. तो घाटा एकटीच्यानं होत नाही, दोघी-तिघी लागतात, लाकडी चाटू आळीपाळीनं धरावा लागतो. पहाटे गच्चीवर ओल्या धोतरावर बायका ओळीनं बसून थापायच्या. ऊन चढायच्या आत संपवायचं. अर्धे वाळलेले बिबडे कच्च्या तेलाबरोबर आणि शेंगदाण्यांबरोबर आम्ही पोरं पळवायचो. त्या चवीला दुसरं नाव मला सापडलेलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोकळ्या जागेतल्या निंबाला झोके. लग्न होऊन आलेल्या मुली माहेरपणाला येत, आणि झोक्यावर ज्या कधी आदल्या दिवसापर्यंत एकमेकींना ओळखत नव्हत्या त्या एकमेकींच्या सासूबद्दल बोलत.

आणि कानबाई, आमच्याकडची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात ती बसते. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, त्यांचे रोट. रोट भाऊकीतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. आता कॉलनीत भाऊकी कुठून आणायची? गावाहून चुलते आले तर ठीक, पाऊस असला तर यायचे नाहीत. एका वर्षी असंच झालं. नदीला पाणी, गाड्या बंद, भाऊकीतलं कुणी नाही. चौरंग मांडायला हात कमी. केळीचे खांब तात्यांनी बांधले. पुरणाची डाळ शिपाईकाकूंनी वाटली. रात्रीच्या जागरणाला अख्खी गल्ली आमच्या बैठकीत आणि ओट्यावर. फुगड्या झाल्या, अहिराणी गाणी झाली, ज्यांची गावं तापीपलीकडची होती त्यांनी त्यांच्याकडची म्हटली. रोट मात्र नियमाप्रमाणं आम्हीच खाल्ले. नियम आईनं मोडला नाही आणि कुणाला तो परका वाटला नाही. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन सगळ्याजणी वाजतगाजत एकवीरेजवळ नदीवर. त्या दिवशी सोनगीरचा हंडा भरून आईनं शिपाईकाकूंच्या डोक्यावर दिला होता, कानबाईच्या पुढं चालायला.

हे असंच चालू राहिलं असं म्हणता येत नाही. नव्वदनंतर बोअर आल्या. एकानं घेतली, मग चौघांनी, मग प्रत्येकानं. आधी दोनशे फुटांवर पाणी लागायचं, पुढं तीनशेवर, साडेतीनशेवर. बोअर झाल्यावर रात्री उठायची गरज उरली नाही, आणि हाकही बंद झाली. मोकळ्या जागेतलं देऊळ मोठं झालं, त्याला सभामंडप आला, फरशी आली. मला देवळाचं वाईट वाटत नाही, तिथं पारायणं होतात, म्हातारी माणसं संध्याकाळी बसतात. पण निंब गेला, आणि पोरांना खेळायला जागा उरली नाही. पहिल्या पिढीची घरं विकली गेली. आमच्या शेजारच्या दोन प्लॉटांवर मिळून चार मजल्यांची इमारत झाली. फाटकाला कुलूप, आत गाड्या. कोण राहतं, कोण गेलं, समजेनासं झालं.

नदीही बदलली. वर अक्कलपाड्याचं धरण झाल्यापासून वर्षाचे बरेच महिने पांझरेत धुळ्यापाशी वाहतं पाणी नसतं. आणि मग एखाद्या ऑगस्टमध्ये ती एकदम येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आली तशी. पूल बंद केले होते. मी गावात, आई पल्याड. सासूबाई माझ्याबरोबर गच्चीवर आल्या. त्यांच्या आजेसासूबाईंच्या तोंडून त्यांनी १८७२ च्या महापुराची आठवण ऐकली होती, जुन्या घरांच्या भिंती कशा विरघळल्या ती. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. फोनवर आई म्हणाली, "मी ठीक आहे. उतरणीच्या लोकांना देवळाच्या मंडपात आणलंय, त्यांचा स्वयंपाक चाललाय." कोण करतंय असं विचारलं तर म्हणाली, "इमारतीतल्या पोरी." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आईला त्या मुली ठाऊक आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात कॉलनीतल्या बोअर एकापाठोपाठ एक कोरड्या पडल्या. टँकर दोन-दोन दिवस मिळेना. मी तेव्हा आईकडेच राहायला होते, आप्पांचं वर्षश्राद्ध होतं. पहाटे साडेतीनला नळात फुस्स असं झालं. आई अठ्ठ्याहत्तरची, गुडघे धरलेले, तरी माझ्या आधी उठली. काठी टेकत फाटकापर्यंत गेली आणि तिनं ती हाक मारली. आवाज पूर्वीसारखा वर पोचला नाही. कुणी प्रतिसाद दिला नाही. मग इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दिवा लागला. एक मुलगी बाहेर आली, कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ. नंदुरबारकडची, नवरा-बायको दोघं नोकरीला, नवरा बाहेरगावी. तिच्याकडे पाणी भरायला दोन प्लास्टिकच्या बादल्या, बस. इमारतीची खालची टाकी भरायला मोटर लावायची असते हेही तिला माहीत नव्हतं.

"मोटर नाही लावायची," आई म्हणाली. "आधी वर जा. वरच्या शेवटच्या घरात म्हातारे काका एकटे असतात. त्यांची दारावरची घंटी वाज. त्यांचं भरलं की मधले, मग आपण."

मुलीनं बाळ माझ्याकडे दिलं आणि ती चढ चढून गेली. शिपाईकाकू जाऊन पाच वर्षं झाली, काका आहेत. थोड्या वेळानं वर दिवा लागला, मग त्याच्या खाली एक, मग आणखी एक. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं. पाऊण तासानं ती धापा टाकत परत आली, तोवर आमच्या नळाला बरी धार होती. आईनं मला आतून हंडा आणायला लावला. किती वर्षांत घासला नव्हता, काळा पडलेला. तरी मी गळ्याखाली अंगठा फिरवला तर नावाचे ठिपके लागले. आम्ही तो भरला आणि दोघींनी धरून पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवला.

"काकू, सकाळी आणून देते," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे व माय, ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

मागच्या श्रावणात मी गेले तेव्हा तिच्या दाराशी तो दिसला. चिंच लावून घासलेला, लालभडक, आणि ते बाळ, आता चालायला लागलेलं, त्याला धरून उभं होतं.